शुक्रवारी संध्याकाळी सही घेतलेला राजीनामा: आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महापे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात ७ वर्षं ८ महिने नोकरी. हुद्दा ‘असिस्टंट मॅनेजर’, पण हाताखाली कोणी नाही. एकूण पगार महिना ३६,००० रुपये, त्यात बेसिक आणि डीए मिळून १४,०००. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला एचआरने केबिनमध्ये बोलावून आधीच टाईप केलेल्या राजीनाम्यावर सही घेतली. ‘सही केली नाहीस तर टर्मिनेट करू, मग कुठेच नोकरी लागणार नाही’ असं सांगितलं. प्रत दिली नाही, आयकार्ड काढून घेतलं, तासाभरात ऑफिसचा ईमेल बंद झाला. मागच्या महिन्याचा पगारही अडवून ठेवलाय. आज शनिवार. आता काही करता येईल का? आणि वकिलाच्या फीचं काय?

करता येईल. पण जे करायचं ते आज आणि सोमवारी सकाळी. अशी प्रकरणं हातची जातात ती सहीमुळे कमी आणि सही केल्यानंतर गप्प बसल्यामुळे जास्त. माणूस घाबरतो, घरी सांगत नाही, ओळखीच्यांना विचारत फिरतो आणि दोन महिन्यांनी कामगार कार्यालयात येतो. तोवर कंपनीच्या फाईलमध्ये सहीचा राजीनामा, तो मंजूर केल्याचं पत्र आणि तुमच्याकडून एकाही ओळीचा विरोध नाही, असं चित्र तयार झालेलं असतं. राजीनामा जबरदस्तीने घेतला हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर, म्हणजे तुमच्यावर असते. आणि ‘टर्मिनेट करू’ एवढी धमकी म्हणजे जबरदस्ती, असं न्यायालय एका वाक्यावरून धरत नाही. ते आजूबाजूची परिस्थिती बघतं. राजीनामा कोणी टाईप केला? तो किती मिनिटांत मंजूर झाला? मेल कधी बंद झाला? त्याच दिवशी अजून किती जणांचे राजीनामे आले? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, तुम्ही विरोध पहिल्यांदा कधी नोंदवला? यातल्या पहिल्या चार गोष्टी तुमच्या बाजूने आहेत किंवा असू शकतात. पाचवी आज तुमच्या हातात आहे.

तेव्हा आज रात्रीपर्यंत स्वतःच्या ईमेलवरून एचआर, प्लांट हेड आणि कंपनीच्या संचालकांना मेल जायला हवा. मजकूर साधा ठेवा:

‘मी आपल्या महापे येथील कारखान्यात क्वालिटी विभागात दि. … पासून काम करतो. शुक्रवार दि. … रोजी सायंकाळी ६.३० वाजता मला एचआर केबिनमध्ये बोलावून, आधीच टाईप करून ठेवलेल्या राजीनाम्यावर, सही न केल्यास टर्मिनेट करू असे सांगून सही घेण्यात आली. त्या वेळी श्री. … व श्रीमती … हजर होते. मला राजीनामा द्यायचा नव्हता व नाही. ती सही माझ्या इच्छेने झालेली नाही. सदर राजीनामा मी नाकारत आहे आणि खबरदारी म्हणून तो मागेही घेत आहे. मी सोमवार दि. … रोजी नेहमीच्या पाळीत कामावर हजर होत आहे. सही घेतलेल्या कागदाची प्रत आणि … महिन्याचा पगार मला द्यावा.’

‘नाकारतो’ आणि ‘मागे घेतो’ असे दोन्ही शब्द मुद्दाम घातले आहेत. राजीनामा मंजूर होऊन अमलात आलेला नसेल, तर तो मागे घेता येतो, हे तत्त्व जुनं आणि पक्कं आहे. कंपनी म्हणेल की तो तिथल्या तिथे मंजूर झाला होता. मग ‘तो माझा राजीनामाच नव्हता’ हा पहिला मुद्दा उभा राहतो. एकच शब्द लिहिलात तर दुसरा मुद्दा हातचा जातो.

मेलमध्ये काय नसावं हेही सांगतो, कारण नुकसान इथेच होतं. ‘निदान दोन महिने तरी मुदत द्या’ असं लिहू नका. त्याचा अर्थ नोकरी सोडायला तुम्ही तयार आहात, फक्त तारीख मान्य नाही, असा लावला जातो. त्याच मेलमध्ये रिलीव्हिंग लेटर किंवा एक्स्पीरियन्स लेटर मागू नका. विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘सगळ्यांचे आभार, छान प्रवास झाला’ असा निरोपाचा मेसेज टाकू नका, लिंक्डइनवर नोकरी सोडल्याची तारीख भरू नका. कंपनीचा वकील उलटतपासणीत पहिल्यांदा हेच कागद काढतो. शिवीगाळ नको, ‘बघून घेईन’ तर नकोच.

मेल गेल्यावर त्याचीच छापील, सही केलेली प्रत टपालाने पाठवा. एक कारखान्याच्या पत्त्यावर, एक कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर (तो नेमणूकपत्रावर किंवा कंपनीच्या लेटरहेडवर असतो). रजिस्टर्ड पोस्टाची वेगळी सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. त्यामुळे काउंटरवर नोंदणीसह स्पीड पोस्ट आणि पोचपावती मागायची. पावती जपून ठेवा आणि पाकीट पोचल्याचं ऑनलाइन ट्रॅकिंग दिसेल तेव्हा त्याची प्रिंट काढा. काही दिवसांनी ती माहिती तिथून निघून जाते. पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आलं तर ते फोडू नका. तसंच सीलबंद ठेवा, तो तुमचा पुरावा आहे.

सोमवारी पाळीच्या पंधरा मिनिटं आधी गेटवर हजर राहा. आत सोडलं तर मस्टरवर सही करून नेहमीसारखं काम सुरू करा. सोडलं नाही तर सिक्युरिटीशी वाद घालू नका. गेट रजिस्टरमध्ये नाव आणि वेळ नोंदवायला सांगा, नोंदवलं नाही तर तेही लक्षात ठेवा. गेटचा एक फोटो घ्या, एचआरला तिथूनच ‘मी गेटवर आहे, आत सोडत नाहीत’ असा मेसेज करा, अर्धा-पाऊण तास थांबा आणि घरी आल्यावर त्याच दिवशी मेल करा: ‘आज सकाळी ८.४५ ते ९.३० मी गेटवर हजर होतो, मला काम नाकारण्यात आलं.’ हेच मंगळवारी आणि बुधवारी. हा खटाटोप एवढ्यासाठी की सहा महिन्यांनी लेखी उत्तरात कंपनी दोनपैकी एक बचाव घेतेच. एक तर ‘त्याने स्वखुशीने राजीनामा दिला’ किंवा ‘तो कामावर यायचाच बंद झाला’. पहिल्याला शनिवारचा मेल उत्तर देतो, दुसऱ्याला हे तीन दिवस.

पुरावे गोळा करताना एक चूक नेहमी होते आणि ती फार महागात पडते. मेल बंद व्हायच्या आत किंवा एखाद्या सहकाऱ्याच्या मदतीने लोक ड्रॉइंग, ग्राहकांची यादी, टेस्ट रिपोर्ट स्वतःच्या जीमेलवर पाठवतात. मग मूळ वाद राहतो बाजूला आणि डेटा चोरल्याची तक्रार पोलिसांत जाते. तुम्हाला लागतात ते तुमचेच कागद: नेमणूकपत्र, कन्फर्मेशन, पगारवाढीची पत्रं, पगारपत्रकं, अप्रेझल, बँक स्टेटमेंट, पीएफचं पासबुक. त्या दिवशीचं बोलणं फोनवर रेकॉर्ड झालं असेल तर फाईल कापू नका, छोटी करू नका. तो फोन विकू नका, रीसेट करू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि ते मूळ उपकरण कोणतं, कोणाच्या ताब्यात होतं, यावर उभं असतं. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडायला हरकत नाही, पण मूळ चॅट फोनमध्ये शाबूत हवं.

आता तुमच्या हुद्द्याबद्दल. ‘असिस्टंट मॅनेजर’ म्हणजे मॅनेजर, म्हणजे कामगार कायदा लागू नाही, असं एचआर तुम्हाला सांगेल. ते खरं असेलच असं नाही. कायदा बघतो ते प्रत्यक्ष काम, व्हिजिटिंग कार्ड नाही. तुम्ही स्वतः माप घेता, तपासणी करता, रिपोर्ट भरता, कोणाची रजा मंजूर करत नाही, कोणाला कामावर घेत नाही की काढत नाही, कोणाचं अप्रेझल लिहीत नाही, तर ते तांत्रिक स्वरूपाचं काम आहे आणि तुम्ही ‘कामगार’ या व्याख्येत बसता. पगाराची मर्यादा फक्त सुपरवायझरी काम करणाऱ्यांना लागते. जुन्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ती १०,००० रुपये होती, त्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० आहे. हाताने, लिखापढीचं किंवा तांत्रिक काम करणाऱ्याला ३६,००० काय किंवा ९०,००० काय, मर्यादाच नाही. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कमध्ये काम करणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. कोड लिहिणारा, सपोर्टची तिकिटं सोडवणारा माणूस केवळ पगार जास्त आहे म्हणून या कायद्यातून बाहेर पडत नाही. तुमच्या रोजच्या कामाचे मेल, चेकलिस्टवरच्या सह्या, मशीनजवळची नोंदवही यांनी हे सिद्ध होतं. त्यांची यादी आजच आठवून कागदावर उतरवा, कारण मूळ कागद कंपनीकडे आहेत आणि पुढे न्यायालयामार्फत ते मागवायचे आहेत.

खरोखरच व्यवस्थापकीय काम असेल तर वाट वेगळी आणि अरुंद आहे. दिवाणी न्यायालयात नोटीस पे (नोटिशीच्या काळाचा पगार) आणि नुकसानभरपाई मागता येते, तीन वर्षांच्या आत. ‘मला परत कामावर घ्या’ असा हुकूम खासगी नोकरीत तिथून सहसा मिळत नाही. म्हणूनच कामगार ठरणं किंवा न ठरणं हा अर्धा खटला असतो.

कंपन्यांना राजीनामाच का हवा असतो, हेही समजून घ्या. माणसं कमी करायची असतील तर त्याला कपात म्हणतात. वर्षभरात २४० दिवस काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे (आणि सहा महिन्यांच्या वरच्या भागालाही) १५ दिवसांचा सरासरी पगार, आणि सरकारला सूचना, एवढं करावं लागतं. शिवाय त्या प्रकारच्या कामगारांत जो शेवटी आला तो आधी जातो, हा नियम पाळावा लागतो. पुन्हा भरती करताना कपात झालेल्यांना आधी विचारावं लागतं. गैरवर्तनासाठी काढायचं तर आरोपपत्र, खुलासा, चौकशी, साक्षीदारांची उलटतपासणी, मग शिक्षेबाबत म्हणणं मांडायची संधी. राजीनाम्याच्या एका कागदाने हे सगळं वाचतं. तुमच्या त्या सहीची किंमत कंपनीला पूर्ण माहीत होती, तुम्हाला ती केबिनमध्ये कोणी सांगितली नाही.

आता मेल गेल्यावर कंपनीने पवित्रा बदलून तुम्हाला निलंबित केलं आणि आरोपपत्र दिलं, तर घाबरू नका. तुमच्या दृष्टीने ती सुधारणाच आहे, कारण नोकरी चालू आहे हे त्यांनी मान्य केलं. चौकशी होईपर्यंत निर्वाहभत्ता मिळतो: पहिले ९० दिवस पगाराच्या निम्मा, त्यानंतर उशीर तुमच्यामुळे होत नसेल तर ७५ टक्के. आरोपपत्राला उत्तर मुदतीत द्या, चौकशीला प्रत्येक तारखेला हजर राहा, रोजनाम्यावर (त्या दिवशीच्या कामकाजाच्या नोंदीवर) सही करण्याआधी वाचा आणि जे बोललात ते लिहिलेलं नसेल तर सहीच्या वर तसं लिहा.

कुठे जायचं? महापे, रबाळे, पावणे, तुर्भे, नेरूळ, सीबीडी बेलापूर हा सगळा भाग ठाणे जिल्ह्यात येतो. त्यामुळे तुमचं कार्यालय ठाण्याचं, वागळे इस्टेटमधलं कामगार उपआयुक्तांचं. तळोजा, खारघर, कळंबोली ही नावं आपण नवी मुंबईच म्हणतो, पण तो रायगड जिल्हा आहे आणि तिथला कामगार विभाग पनवेलला बसतो. तळोज्याचा माणूस ठाण्याला अर्ज देतो, दोन महिन्यांनी ‘अधिकारक्षेत्र नाही’ म्हणून परत येतो आणि मधले दिवस वाया जातात. बघायचं ते कामाचं ठिकाण. तुम्ही डोंबिवलीत राहता की दिव्यात, याला महत्त्व नाही. कंपनीचं मुख्यालय बंगळुरूला आहे आणि नेमणूकपत्रात ‘फक्त बंगळुरूच्या न्यायालयात’ असं लिहिलंय, म्हणून महाप्यातल्या कामगाराला ठाण्याचं दार बंद होत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यामुळे तुमच्या अर्जात कलमं नव्या संहितांची येतील. नवी न्यायाधिकरणं उभी राहीपर्यंत कामगार न्यायालय आणि औद्योगिक न्यायालय काम करत राहतात. अर्जात कोणतं कलम घालायचं हे वकील किंवा युनियनचा माणूस बघेल. तुम्ही तारखा पाळा, आणि सगळ्यांत आखूड मुदत धरून चाला. महाराष्ट्राच्या १९७१च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यातली तक्रार, जिला सगळे ‘यूएलपी’ म्हणतात, ती घटना घडल्यापासून ९० दिवसांत करावी लागते. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण लागतं आणि ‘माहीत नव्हतं’ हे सबळ कारण नाही. यूएलपीची ताकद अंतरिम आदेशात आहे. नोकरी चालू आहे किंवा काढण्याची चाहूल लागली आहे, तेव्हाच गेलं तर ‘निकालापर्यंत काढू नका’ असा आदेश मागता येतो. एकदा बाहेर पडल्यावर तो मिळणं फार अवघड. जो हे वाचत असेल आणि ज्याला एचआरने अजून फक्त ‘विचार कर’ एवढंच सांगितलं असेल, त्याने या वाक्यावर थांबावं.

दुसरी वाट समेटाची. आधी कंपनीला मागणीपत्र द्यायचं: कामावर परत घ्या, सेवा सलग धरा, मधला पगार द्या. पत्र हातोहात दिलं तर दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का आणि तारीख घ्या. शिक्क्याशिवाय ‘ठेवा, बघतो’ म्हणाले तर ते दिलं असं होत नाही. मग कामगार कार्यालयात त्या प्रतीसह अर्ज. समेट अधिकारी दोघांना बोलावतात, तिथे वकील चालत नाहीत. कंपनीचा माणूस पहिल्या तारखेला बहुतेक ‘वरिष्ठांशी बोलून सांगतो’ म्हणून पुढची तारीख घेतो. समेट अधिकारी निकाल देत नाहीत, त्यांना तो अधिकारच नाही. लोक तिथे न्यायाची अपेक्षा ठेवून जातात आणि निराश होतात. त्यांचं काम जुळवणं, आणि नाही जुळलं तर तसा अहवाल देणं. नव्या संहितेत ही कार्यवाही ४५ दिवसांत संपवायची आहे आणि अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत तुम्हाला थेट न्यायाधिकरणाकडे जाता येतं. वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांनंतर समेट अधिकारी तो हाती घेऊ शकत नाहीत. जुन्या कायद्यात तीन वर्षं होती. तीच मुदत डोक्यात ठेवून बसलेला माणूस आता फसेल.

प्रत्येक तारखेला जा. रोजनाम्यावर हजेरीची सही करा. तुम्ही दोनदा गैरहजर राहिलात की फाईल बंद होऊ शकते.

पैशांचा विषय स्वतंत्र ठेवा, कारण तो नोकरीच्या वादावर अवलंबून नाही. वेतन संहितेप्रमाणे कामावरून काढलं असो वा राजीनामा असो, उरलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो. हे मॅनेजरलाही लागू आहे. ‘आमच्या पॉलिसीत फुल अँड फायनलला (शेवटच्या हिशेबाला) ४५ दिवस’ हे वाक्य कंपनीच्या पोर्टलवर असेल, कायद्यात नाही. पगार अडवला तर संहितेखालच्या अधिकाऱ्याकडे दावा करता येतो, मुदत तीन वर्षं, आणि अडवलेल्या रकमेशिवाय दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा त्याला अधिकार आहे. दहा पट कोणी देत नाही, पण मागणीपत्रात ती ओळ असली की अकाउंट्स विभागाचा फोन लवकर येतो.

ग्रॅच्युइटीचा हिशेब तुमच्याच आकड्यांवर करून दाखवतो. सूत्र: शेवटचं मासिक वेतन भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. सहा महिन्यांच्या वरचा भाग पूर्ण वर्ष धरतात, म्हणून ७ वर्षं ८ महिन्यांची ८ वर्षं. कंपनी बेसिक आणि डीए १४,००० धरेल: ६४,६१५ रुपये. पण नव्या व्याख्येत घरभाडं, प्रवास वगैरे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असले, तर निम्म्यावरची रक्कम वेतनात परत धरायची असते. तुमचे भत्ते २२,००० आहेत, ३६,००० चे निम्मे १८,०००, वरचे ४,००० वेतनात आले. म्हणजे वेतन १८,००० आणि ग्रॅच्युइटी ८३,०७७. फरक साडेअठरा हजारांच्या जवळ. हिशेबाचा कागद हातात आला की पहिल्यांदा हा आकडा तपासा. मुदतीच्या करारावर असलेल्यांना आता एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी लागू होते, पाच वर्षांची अट त्यांना नाही. ग्रॅच्युइटीसाठी लेखी अर्ज द्या, ३० दिवसांत पैसे आले पाहिजेत, त्यापुढे व्याज. पण हा अर्ज करताना ‘नोकरीचा वाद कायम ठेवून, हक्क राखून’ हे शब्द घाला.

पीएफमध्ये अडकतात ते वेगळ्याच जागी. पासबुक उघडून बघा: दर महिन्याला तुमच्या पगारातून कापलेला हिस्सा खरंच जमा झालाय का? पगारपत्रकावर कपात दिसते आणि पासबुकात तीन महिने कोरे, हे घडतं. तसं असेल तर भविष्यनिधीच्या तक्रार पोर्टलवर महिनावार तक्ता जोडून तक्रार करा. कंपनीचा कोड ज्या कार्यालयात नोंदलेला असेल, ठाणे किंवा वाशी, तिथे ती जाते. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नाही तर दोन महिन्यांनंतर ती तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता. पण थांबा. तुम्ही ‘नोकरी सुटलीच नाही’ असं भांडत असताना स्वतःच ‘राजीनामा’ कारण निवडून तारीख भरली, तर तो कागद कंपनी न्यायालयात लावेल. पैशांची अगदीच निकड असेल तर नोकरीत असतानाही काढता येणारा अग्रिम बघा.

कंपनी तुमच्या खात्यात न विचारता फुल अँड फायनलची रक्कम टाकेल. ती परत करायची गरज नाही. त्याच दिवशी मेल करा: ‘ही रक्कम मी येणं रकमेपैकी, हक्क राखून, निषेधासह स्वीकारतो.’ मात्र फॉर्मवर सही मागितली तर शेवटची ओळ वाचा. तिथे बारीक अक्षरात ‘माझे कंपनीकडे कोणतेही येणे राहिलेले नाही व कोणताही दावा नाही’ असं असतं. ती ओळ खोडून शेजारी सही करा. खोडू देत नसतील तर सही करू नका. रिलीव्हिंग लेटर अडवलं म्हणून तिथे सही करणारे खूप आहेत, आणि त्यांचं वाईट वाटतं, कारण नवीन कंपनीला नेमणूकपत्र, पगारपत्रकं आणि पीएफचा सेवा इतिहास बहुतेक वेळा पुरतो.

दुसरी नोकरी मिळाली तर घ्या. खटला चालू आहे म्हणून उपाशी राहायचं असं कोणताही कायदा सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली, महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगितलं की बेकायदा काढलेल्या माणसाला परत घेताना मधला पगार मिळणं हा सर्वसाधारण नियम आहे. त्यासाठी ‘मधल्या काळात मला नोकरी नव्हती’ किंवा ‘होती, पण इतक्या पगाराची’ हे तुम्ही शपथेवर मांडायला हवं. लपवलेली नोकरी पीएफच्या नोंदीतून पाच मिनिटांत बाहेर येते आणि मग बाकीच्या साक्षीवरचाही विश्वास जातो. नोकरी शोधल्याचे मेल, मुलाखतींचे निरोप जपून ठेवा.

तडजोड करायची का? हे तुमच्या घरच्या परिस्थितीवर आहे, पण माझं मत स्पष्ट सांगतो. कामगार न्यायालयातला खटला वर्षानुवर्षं चालतो आणि त्यावर वर जाता येतं. वय ४५ च्या पुढे, एकाच प्रकारचं काम, कंपनी चालू आणि भक्कम, अशा माणसाने नोकरीसाठी लढावं. ज्याला चार-सहा महिन्यांत दुसरीकडे काम मिळणार आहे, त्याने समेटाच्या टप्प्यावर चांगली रक्कम घेऊन मोकळं व्हावं. चांगली म्हणजे किमान नोटीस पे, कपातीची भरपाई, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, अडवलेला पगार आणि त्यावर काही महिन्यांचा पगार. ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे हे तुमचे आधीचेच आहेत. ते धरून ‘दोन लाख देतोय’ म्हणाले तर त्यातून आधी हे वजा करा आणि उरलेल्या आकड्याबद्दल बोला. तडजोड समेट अधिकाऱ्यांसमोर लेखी करा. पैसे सहीच्या वेळीच, डिमांड ड्राफ्टने. पुढच्या तारखांचे धनादेश घ्यावेच लागले तर प्रकरण मागे घेण्याची तारीख शेवटचा धनादेश वटल्यानंतरची ठेवा. रिलीव्हिंग लेटरचा मजकूर तडजोडीलाच जोडून घ्या, नाही तर पैसे मिळतात आणि पत्रात ‘कामगिरी असमाधानकारक’ येतं.

तुमच्यासोबत कंत्राटी मुलांनाही घरी बसवलं असेल तर त्यांना सांगा की ठेकेदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, आणि ठेकेदार पळून गेला तरी ती संपत नाही. गेटपास, पंचिंगचा फोटो, ठेकेदाराच्या सुपरवायझरचे मेसेज जपायचे. गरोदर किंवा प्रसूती रजेवर असलेल्या बाईकडून अशी सही घेतली असेल तर प्रकरण आणखी गंभीर आहे, त्या काळात कामावरून काढणंच बेकायदा आहे, आणि तिचा अर्ज वेगळा लिहावा लागतो.

वकिलाच्या फीची चिंता तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगार हा वेगळा गट आहे आणि त्या गटाला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही नाही. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, तिथे साधा अर्ज भरायचा. जाताना नेमणूकपत्र, शेवटची तीन पगारपत्रकं, शनिवारच्या मेलची प्रिंट, स्पीड पोस्टच्या पावत्या आणि गेटवरच्या तीन दिवसांचे मेल तारखेच्या क्रमाने लावून न्या. सगळ्यांच्या झेरॉक्स द्या, मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका.